ऑइल जातंय कुठे आणि आवाज येतोय कुठून: इंजिन उघडण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. २०१२ ची पेट्रोल स्विफ्ट, सेकंड हँड घेतलेली, मीटरवर ९६ हजार. राहायला नाशिकला पाथर्डी फाटा, नोकरी तिथेच सातपूरला, महिन्यातून एक-दोनदा कसारा घाटातून ठाण्याला जाणं. ऑइल बदलल्यावर दीड हजार किलोमीटरच्या आत काडीवरची (डिपस्टिक) पातळी खालच्या खुणेशी येते, पण पार्किंगच्या फरशीवर डाग नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड, गाडी उभी असताना टिकटिक, आणि पन्नास-साठच्या पुढे घूंऽऽ. गॅरेजवाल्याने एवढं ऐकून सांगून टाकलं, "हाफ इंजिन करावं लागेल." म्हणजे इंजिन उघडून रिंगा, व्हॉल्व्ह वगैरेंचं काम.

लागेलही कदाचित, पण एवढ्या माहितीवर मी पाना लावणार नाही. तुम्ही चार तक्रारी सांगितल्या आणि त्या चारींना एकच कारण आहे असं गॅरेजवाल्यानेही धरलं आणि तुम्हीही धरलं. घूंऽऽ चा तर इंजिनशी बहुधा काडीचाही संबंध नाही. प्रत्येक तक्रार वेगळी तपासायची, आणि दोन तक्रारींचं मूळ एकच निघालं तर मगच त्या जोडायच्या.

सुरुवात मोजण्यापासून. "ऑइल खाते" या तक्रारीवर येणाऱ्या गाड्यांत नीट मोजलेलं ऑइल फार कमी जणांकडे असतं. गाडी सपाट जागी, इंजिन गरम करून बंद केलेलं, आणि पाच-दहा मिनिटं थांबून मग काडी काढायची. वर हेडमध्ये (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) गेलेलं ऑइल खाली चेंबरमध्ये (तळाची ऑइलची टाकी) उतरायला तेवढा वेळ लागतो. पुसा, परत बुडवा, दुसऱ्यांदा निघेल तेच वाचा. सोसायटीच्या पार्किंगला उतार असेल तर तिथलं वाचन सोडून द्या. आणि दर वेळी जागा तीच ठेवा.

दुसरं, भरलं किती होतं? या इंजिनात फिल्टर बदलून जेमतेम तीन लिटरच्या आसपास ऑइल बसतं. आपल्याकडे साडेतीन लिटरचा डबा फोडला की तो रिकामा करूनच ठेवायची सवय आहे, गिऱ्हाईकालाही वाटतं की पैसे दिलेत तर पूर्ण जाऊ दे. पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर गेली की क्रँक (पिस्टनने फिरणारा खालचा दांडा) ते ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि जादाचं ऑइल ब्रीदरच्या नळीतून इनटेकमध्ये जाऊन जळून जातं. मग पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये "ऑइल झपाट्याने गेलं" असं दिसतं, पुढे वेग मंदावतो. तुमचं तसंच होतं का, हे दर तीनशे किलोमीटरला काडी बघून लिहून ठेवल्याशिवाय कळणार नाही. टॉपअप करताना बाजूला मापाच्या रेषा असलेला एक लिटरचा डबा वापरा, म्हणजे किती मिली ओतलं याचा हिशेब राहील.

वरच्या आणि खालच्या खुणेत बहुतेक छोट्या गाड्यांत पाऊण ते एक लिटरचं अंतर असतं. म्हणजे तुमचं सांगणं खरं धरलं तर हजाराला अर्धा लिटर किंवा थोडं जास्त जातंय. युरोपातल्या काही कंपन्या हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंतचा खप नियमात बसवतात, पण आपल्या छोट्या पेट्रोल गाड्यांना मी तो निकष लावत नाही. लाखाच्या आसपास पळालेल्या इंजिनाने एका सर्व्हिसपासून दुसरीपर्यंत अर्धा-पाऊण लिटर मागितलं तर मी त्याकडे बघतही नाही. हजाराला अर्धा म्हणजे बघायलाच हवं.

ऑइल जायला मुख्य वाटा दोनच: बाहेर गळतं किंवा आत जळतं. (तिसरी वाट पाण्यात जाण्याची. रेडिएटरच्या बाटलीत तेलकट थर दिसतो का ते बघा. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट लोणी दिसलं म्हणून लगेच हेड गॅस्केटवर उडी मारू नका. रोज सहा-सात किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत पावसाळ्यात आणि थंडीत बाष्प साचून तसं होतंच. पाणी कमी होत नसेल तर लांब एक फेरी मारा, जातं ते.)

फरशीवर डाग नाही याचा अर्थ गळती नाही असा होत नाही. इंजिन चालू असताना ऑइल गरम, पातळ आणि दाबाखाली असतं, त्यामुळे काही गळत्या फक्त धावताना गळतात. ते मागे उडतं, चेंबरवर पसरतं, धूळ धरून काळं कीट होतं. एक्झॉस्टवर पडलं तर तिथेच जळून जातं. मुंबई नाक्याच्या सिग्नलला थांबल्यावर एसीच्या जाळीतून जळक्या तेलाचा वास येतो का? येत असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग पहिलं बघा. याच कव्हरमध्ये स्पार्क प्लगच्या विहिरींभोवती वेगळ्या सील असतात. त्या कडक झाल्या की ऑइल विहिरीत उतरतं. बाहेर एक थेंब दिसत नाही. कॉइल उपसून बघा, खालचं रबर ओलं आणि फुगलेलं निघालं तर एक वाट सापडली. पुढे कधीतरी मिसिंग सुरू होतं आणि लोक कॉइल बदलत बसतात.

बाकी ठिकाणं ठरलेली आहेत: ऑइल प्रेशरचा स्विच (छोटा असतो, म्हणून कोणी बघत नाही, आणि चक्क भरपूर गळतो), फिल्टरचं रबर, ड्रेन प्लगचं वॉशर, टायमिंग कव्हरची कड, बेल्टच्या बाजूचं क्रँक सील, आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातलं मागचं सील. मागच्या सीलचं नाव ऐकून घाबरा, कारण सील स्वस्त असलं तरी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणूनच तिथलं ऑइल इंजिनाचं की गिअरचं हे आधी बोटाला लावून हुंगा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो, एकदा ओळखला की विसरत नाही. या गाडीचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, त्यामुळे पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलचा संशय घ्यायचं कारण नाही.

गळती शोधायची रीत अशी. इंजिन थंड असताना डिग्रीझर लावून खालून-वरून स्वच्छ करून घ्या. अल्टरनेटर आणि कॉइलवर पाण्याचा प्रेशर मारू देऊ नका. वाळल्यावर संशयाच्या सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवा. मग त्र्यंबकला जाऊन या. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात, इंजिन पूर्ण तापतं. आल्या आल्या गाडी रॅम्पवर घ्या आणि टॉर्च मारा. पावडर जिथे ओली झाली आहे त्यातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा खरी. ऑइल खाली ओघळतं आणि वारा ते मागे ढकलतो, त्यामुळे जिथे थेंब लोंबतो तिथे उगम बहुधा नसतो. चेंबरचं पॅकिंग बदलूनही गळती न थांबल्याच्या बहुतेक तक्रारींमागे हेच असतं.

सील बदलायच्या आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे क्रँककेसमधली कोंडलेली हवा इनटेककडे सोडणारा व्हॉल्व्ह, नक्की बघा. तो चोकअप झाला की क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि जिथे जागा मिळेल तिथून ऑइल बाहेर काढतो. नवीन सीलही मग टिकत नाही. व्हॉल्व्ह काढून हलवला तर आत खुळखुळला पाहिजे, आणि इंजिन चालू असताना त्याच्या तोंडावर बोट ठेवलं तर ओढ जाणवली पाहिजे. सगळ्यात स्वस्त तपासणी ही, आणि हीच सगळ्यात जास्त राहून जाते.

आता जळण्याकडे येतो. इथे तुमचा ठाण्याचा रस्ता माझ्या कामाचा आहे.

नाशिकहून जाताना कसारा घाट उतरताना तुम्ही गाडी तिसऱ्या-दुसऱ्यात ठेवून अॅक्सिलरेटर सोडलेला असतो. थ्रॉटल बंद आणि इंजिन फिरतंय, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये जबरदस्त व्हॅक्यूम. व्हॉल्व्हच्या दांड्यावरची रबरी सील कडक झाली असेल तर हेडमधलं ऑइल त्या दांड्यावरून आत ओढलं जातं. घाट संपून तुम्ही अॅक्सिलरेटर दाबला की निळसर धुराचा एक लोट निघतो आणि दोन-चार सेकंदांत विरतो. मागच्या गाडीत कोणी ओळखीचं असेल तर त्याला नेमकं त्याच क्षणी बघायला सांगा. असा लोट, आणि सकाळी पहिल्या स्टार्टला एक निळी फुंकर, या दोन्ही गोष्टी दिसल्या तर बोट व्हॉल्व्ह सीलकडे जातं. सील बदलण्यासाठी हाफ इंजिन करावं लागत नाही. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये हवेचा दाब देऊन, व्हॉल्व्ह वरच धरून, हेड न उतरवताही सील बदलता येतात. सगळी गॅरेजं हे करत नाहीत, त्यांना हेड उतरवणं सोपं वाटतं. विचारून बघा.

परत येताना तोच घाट चढताना धूर दिसला, आणि जोपर्यंत जोर लावताय तोपर्यंत येतच राहिला, तर पिस्टन रिंगकडे संशय जातो. अलीकडे अनेक जण समृद्धीने जातात, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून. प्रवास उत्तम, पण ही परीक्षा तिथे नीट होत नाही. शिवाय सलग मोठ्या वेगाने ऑइलचा खप वाढतो, त्यामुळे मोजणीच्या महिन्यात रस्ता एकच ठेवा.

रिंगचा संशय आला की कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब गेजने मोजा. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, चारही प्लग बाहेर, कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढलेले, आणि अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला. हे पाचही नसतील तर आकडा कागदावर उतरवायच्याही लायकीचा नसतो. चार सिलिंडरमध्ये दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून परत घ्या. आकडा चांगला वर आला तर रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत), तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह. (ही ओली चाचणी पेट्रोललाच. डिझेलमध्ये असं ऑइल ओतू देऊ नका.) आणि हे करताना काढलेले प्लग फेकू नका, क्रमाने मांडून ठेवा. एकाच प्लगवर ओलसर काळी राख आणि तीन कोरडे, तर अख्ख्या इंजिनाला दोष देण्यात अर्थ नाही.

इथे एक मेख आहे. कॉम्प्रेशन चारही ठिकाणी उत्तम येऊनही इंजिन ऑइल खाऊ शकतं. दाब वरच्या दोन रिंगा धरतात. भिंतीवरचं ऑइल खरवडून परत चेंबरमध्ये पाठवायचं काम तिसऱ्या, ऑइल रिंगचं. तिच्या खाचेत आणि पिस्टनच्या भोकांत कार्बन साठला की ती पिस्टनला चिकटून बसते. पिकअप चांगला, आवाज चांगला, आणि ऑइल गायब! घरापासून सातपूरपर्यंत रोजचा छोटा पल्ला, गर्दीत रांगणारी गाडी, आणि आधीच्या मालकाने पुढे ढकललेले ऑइल चेंज, या तिन्ही गोष्टी तिला पोषक. तुमच्या गाडीत मला हीच शक्यता बरीच वाटते. अशा वेळी मी आधी चांगल्या प्रतीचं, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ऑइल दोन-तीन वेळा निम्म्या अंतरावर बदलून बघतो. रिंग सुटली तर खप कमी होतो. दर वेळी यश येतंच असं नाही, पण खर्च हाफ इंजिनाच्या मानाने नगण्य आहे.

ग्रेडवरून आठवलं. गाडी घेतल्यावर पहिलं ऑइल तुम्ही बदललंत का? विकणारे अनेकदा २०डब्ल्यू-५० सारखं घट्ट ऑइल किंवा त्यात घट्ट अॅडिटिव्ह ओतून देतात. धूर आणि टकटक दोन्ही महिनाभर दबतात. तुम्ही पातळ ५डब्ल्यू-३० भरलं आणि गाडी "अचानक" ऑइल खायला लागली, तर गाडी बिघडलेली नाही, झाकण उडालंय. उलट तेच घट्ट ऑइल अजून आत असेल, तर निफाडला पारा पाच-सहावर उतरतो तसल्या सकाळी ते वरपर्यंत पोचायला वेळ लावतं आणि स्टार्टची खडखड वाढते.

तर त्या खडखडीबद्दल. या इंजिनात टायमिंग चेन आहे आणि तिचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात ऑइल खाली उतरलं की पहिल्या दोन-तीन सेकंदांत चेन सैल फडफडते, दाब आला की गप्प. पातळी खालच्या खुणेवर असताना हे जास्त होणारच. तुमच्या चार तक्रारींपैकी ऑइलशी खरोखर जोडता येईल अशी ही एकच. म्हणून पातळी वरच्या खुणेपर्यंत आणून आठवडाभर सकाळचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा. गेला तर ठीक. पातळी पूर्ण असूनही राहिला, किंवा इंजिन तापल्यावरही बेल्टच्या बाजूने खरखर येत राहिली, तर कव्हर उघडून चेन, टेन्शनर आणि गाईड बघावे लागतील. फिल्टरही बदला, त्यातला उलटा प्रवाह अडवणारा पडदा निकामी असेल तर फिल्टर रात्रीतून रिकामा होतो आणि सकाळी असाच आवाज देतो.

उभ्या गाडीतली टिकटिक म्हणजे टॅपेट, असं सगळे धरतात. असेलही, गॅप फीलर गेजने मोजली की कळतं. पण एक्झॉस्टच्या गॅस्केटमधून फुसफुसणारी हवा अगदी हुबेहूब तशीच टिकटिकते. ओझरहून आलेल्या एका वॅगनआरचे टॅपेट दुसरीकडे दोनदा सेट करून झाले होते. थंड इंजिन चालू करून मॅनिफोल्डच्या कडेने नुसता हात फिरवला (थंड असतानाच, आणि पंख्यापासून लांब) तर एका ठिकाणी बोटांवर फुंकर लागत होती. तिथे काजळीची नखाएवढी काळी खूण, आणि एक नट गायब. ओळखायची खूण अशी की गळका एक्झॉस्ट थंड असताना जास्त वाजतो. धातू तापून फुगला की फट बुजते आणि आवाज कमी होतो.

जागा हुडकायला लांब स्क्रू ड्रायव्हर पुरतो. टोक इंजिनाला, मूठ कानामागच्या हाडाला. टॅपेट कव्हर, टायमिंग कव्हर, अल्टरनेटर, चेंबर असं एकेक ऐकत जायचं. बाह्या दुमडलेल्या, गळ्यात काही लोंबतं नको. चेंबरच्या बाजूने खोल ठक-ठक येत असेल, अॅक्सिलरेटरबरोबर वेग घेत असेल आणि इंजिन तापल्यावर वाढत असेल, तर ते बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथलं). मग गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा. थंड असताना येऊन तापल्यावर जाणारी ठकठक बहुधा पिस्टनची असते, तिच्यासोबत गाडी वर्षानुवर्षं चालते. तरीही शंका राहिली तर प्रेशर स्विचच्या जागी गेज लावून दाब मोजायला सांगा. तापलेल्या इंजिनला आयडलिंगवर साधारण एक बार आणि तीन हजार आरपीएमला दोन ते तीन बारच्या खाली नको. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. दाब चांगला असेल तर बेअरिंगची काळजी बरीच कमी होते.

बेल्टची चीं-चीं: चालू इंजिनवर बेल्टला चमचाभर पाणी मारा, आवाज बदलला तर बेल्ट, नाही तर पुलीचं बेअरिंग. क्लच दाबल्यावर येणारा आवाज रिलीज बेअरिंगचा, दाबल्यावर बंद होणारा गिअरबॉक्सचा.

उरला घूंऽऽ. द्वारकेच्या उड्डाणपुलावर रहदारी नसताना, पहाटे, साठच्या वेगाला क्षणभर न्यूट्रल करा, चावीला हात लावू नका. आरपीएम पडले आणि आवाज तसाच राहिला तर इंजिन सुटलं, दोष चाकांकडे. हलक्या उजव्या वळणावर वाढला तर भार डावीकडे जातो, म्हणजे डाव्या चाकाचं बेअरिंग. डाव्या वळणावर वाढला तर उजवं. डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर सूर बदलत असेल तर टायर, त्यांच्यावरून तळवा फिरवला की झिजेचे उंचवटे हाताला लागतात. खात्री करायची असेल तर चाक जॅकवर उचलून एका हाताने फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर हलकेच ठेवा. खराब बेअरिंगची करकर स्प्रिंगमधून बोटांना स्पष्ट कळते, कानाला ऐकू येण्याच्या बरीच आधी.

तुमच्यासाठी क्रम असा लावेन: या आठवड्यात पातळी, पीसीव्ही आणि प्लगच्या विहिरी. पुढच्या ठाण्याच्या फेरीत घाटातला धूर. त्यातून काही हाती लागलं नाही तर कॉम्प्रेशन. गॅरेजवाल्याला "इंजिन करायचं का?" असं विचारू नका, "कॉम्प्रेशनचे चार आकडे लिहून द्या" असं सांगा. जो लिहून द्यायला कां-कूं करतो त्याच्याकडे हेड उघडू नका. आकडे खरंच वाईट आले आणि बोअरवर रेघा निघाल्या, तर मात्र नुसत्या रिंगा घालून काम भागवू नका. बोअरिंग आणि ओव्हरसाइज पिस्टन करावे लागतील, आणि तेव्हा गाडीची बाजारातली किंमत आणि खर्चाचा आकडा शेजारी ठेवून बघा. १५ वर्षं झाल्यावर, म्हणजे २०२७ मध्ये, आरसीचं नूतनीकरण येतं, ते पण त्या हिशेबात धरा.

तोवर डिकीत त्याच ग्रेडचं एक लिटर ऑइल ठेवा. डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा पातळीचा नसून दाबाचा असतो. तो घाटाच्या वळणावर नुसता लुकलुकला तरी पातळी केव्हाच खालच्या खुणेच्या खाली गेलेली असते. लुकलुकला की गाडी बाजूला घ्यायची, इंजिन लगेच बंद करायचं, काडी बघून ऑइल भरायचं. भरूनही दिवा गेला नाही तर तिथून पुढे टोइंगनेच.